काकींचा पहिला घास

महाडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत काकींची खानावळ होती. तिला पाटी नव्हती. पाटी लावा असं कुणी सुचवलं की काकी म्हणायच्या, "भुकेला मानूस वासावर येतो. पाटी वाचत उभा ऱ्हातो त्याला भूक लागलेली नसते." त्या माझ्या नात्याने काकी नव्हत्या. सगळं महाड त्यांना काकी म्हणे, त्यांच्याहून वयाने मोठे वकीलसुद्धा.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. महाडहून पोलादपूर आणि पुढे कशेडीच्या घाटापर्यंतच्या रस्त्याचा एक तुकडा माझ्याकडे होता. एकोणीसशे साठच्या मागेपुढे काही वर्षं मी काकींच्या माडीवरच्या खोलीत राहिलो आणि खाली त्यांच्या पंगतीत जेवलो. मी साताऱ्याकडचा, म्हणजे त्यांच्या लेखी घाटी. मला त्या ‘ओवरशेर’ म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिल्याच दिवशी ताट समोर आलं, मी भाकरीला हात घातला आणि मनगटावर पळीचा दांडा बसला.

"हात मागं घ्या. माजा घास झाला काय?"

मी आजूबाजूला पाहिलं. सगळी पंगत हात मांडीवर ठेवून बसली होती. मग काकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. त्यांनी तांदळाच्या भाकरीचा चांगला पाव भाग तोडला, त्याची घडी केली, सुकटीच्या लालभडक कालवणात बुडवली आणि आ वासून ती अख्खी तोंडात घातली. त्यांच्या मिश्रीने काळ्या झालेल्या सगळ्या दाढा पंगतीला दिसल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी तो घास चावून गिळला, पदराने ओठ पुसले आणि म्हणाल्या, "बसा आता." बसलेली माणसं मग जेवायला लागली.

घरच्या बाईने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, हे सगळीकडचं वळण. काकी सगळ्यांच्या आधी खात, तेही चारचौघांसमोर उभ्याने. याचं कारण विचारलं की त्या प्रत्येकाला वेगळं सांगत. वकिलाच्या कारकुनाला सांगितलं, मीठ बघते. एका कंडक्टरला सांगितलं, तुझ्या वाटणीचं विष आधी मी पिते. मला म्हणाल्या, "न चाखता वाढायचं ते देवाला. तुमी काय देव लागून गेलाव? निवेद नाय, जेवान हाय ते."

पोलादपूरच्या डोंगरांतली माणसं तारखेला महाडच्या कोर्टात येत. दुपारी वादी इथेच जेवायला यायचा आणि प्रतिवादीही इथेच. काकी त्या दोघांना मुद्दाम शेजारी बसवत. कुणी कुरकुर केली तर, "कोर्टात भांडा. माज्याकडं पंगत येकच." त्यामुळे दावे मिटले असं काही मी म्हणणार नाही. पण मिठाची वाटी एकच असे आणि ती मागायला शेजाऱ्याशी बोलावंच लागे.

काकींचा नवरा मुंबईला गिरणीत होता, तिकडेच वारला. मूलबाळ नाही. सासरचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला. तिथे थोरले दीर, म्हणजे काकींचे ‘मोठे भावोजी’, भातशेती आणि गुरं बाळगून होते. महाडचं घर दोघा भावांचं. नवरा गेल्यावर काकींनी गावी यावं अशी भावोजींची इच्छा होती. काकींनी त्याच आठवड्यात इथे मोठी चूल घातली.

या दोघांचं बोलणं म्हणजे पाहण्यासारखा प्रकार होता. लग्न होऊन आल्यापासून काकी थोरल्या दिरासमोर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या की त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. साऱ्या बाजाराला फैलावर घेणारी ही बाई, भावोजी आले की स्वयंपाकघराच्या दाराआड जायची. भावोजी बाहेर बाकावर बसायचे, तळहातावर तंबाखू-चुना मळायचे आणि मध्ये मी. भावोजी मला म्हणत, "तिला विचारा, तांदूळ कवा धाडू?" आतून काकी म्हणत, "ओवरशेर, त्यांना सांगा, सवड व्हईल तवा." दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत असे. तरी मी ते पुन्हा सांगितल्याशिवाय दोघं पुढे जात नसत. सरकारी कामात इतका निरुपयोगी हुद्दा मी पाहिला नाही.

काकींचा आजार डॉक्टरांच्या आधी पंगतीला कळला. रोज सगळ्यांचे डोळे त्यांच्या घासाकडे असत. तो घास लहान व्हायला लागला. मग कालवणाऐवजी दह्यात बुडायला लागला. मग कालवणातलं तिखटच कमी झालं आणि एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काकी, मिरच्या म्हाग झाल्या काय?" काकींनी त्याला नेहमीसारखं झोडपलं नाही, तेव्हा मी घाबरलो. गालाच्या आत, जिथे त्या सकाळ-दुपार-संध्याकाळ तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावून ठेवत, तिथे पांढरा चट्टा पडून त्याची जखम झाली होती. बाजारातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि मुंबईची चिठ्ठी दिली. रोगाचं नाव त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्या काळी ते नाव ऐकलं की माणसं पुढचं विचारतच नसत.

भावोजी आले. "तिला म्हनावं, आदी गावी चल. देवाला कौल लावू."

आतून आवाज आला, "त्यांना सांगा, कौल लागंल तवा लागंल. मी परवाच्या गाडीला बसतंय."

भावोजी बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "मंग मी येतो संगती म्हनावं." आणि खरोखर गेले. एस्टीत काकी पुढे बायकांत आणि हे मागे. इस्पितळाच्या व्हरांड्यात ते दिवसचे दिवस बसून राहिले, पण बायकांच्या वॉर्डात पाऊल टाकलं नाही. मी रजा काढून भेटायला गेलो तेव्हा मलाच आत पाठवताना म्हणाले, "बघून या, हाय ना?"

होत्या. गालाचं ऑपरेशन झालं होतं, एका बाजूच्या दाढा काढल्या होत्या, नंतर विजेचा शेक दिला होता. अर्धा चेहरा पट्टीत आणि नाकात नळी. मला पाहून त्यांनी बोटांनी विचारलं, कोण वाढतंय तुम्हाला? मी खोटंच सांगितलं की हॉटेलात चांगलं मिळतं. त्यांनी अशी काही मान उडवली की शेजारच्या खाटेवरची बाई हसली. त्या क्षणी मला वाटलं, ही बाई मरत नाही.

महाडला परत आल्या त्या अर्ध्या होऊन. एक गाल आत गेलेला, त्यावर शिवण, बोलणं दाताआडून. मुख्य अडचण अशी की तोंड उघडतच नव्हतं. एक बोट जेमतेम आत जाईल एवढी फट. पेज आणि दूध तिथून आत जायचं, त्यातलं निम्मं पदरावर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज व्यायाम करून जबडा सैल करायचा, नाहीतर तो असाच राहील. त्यासाठी एक लाकडी मळसूत्री खुंटी दिली होती, टोकाला बारीक आणि वर जाड. ती दातांत धरून हळूहळू फिरवायची. येताना नागोठण्याच्या पुढे काकींना गाडी लागली, त्या खिडकीतून वाकल्या आणि हातातली ती खुंटी खाली पडली. गाडी पुढे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी काकी मला घेऊन बाजारात गेल्या, खेळण्यांच्या दुकानात. त्यांनी भोवऱ्यांची टोपली पुढे ओढली. एक भोवरा उचलला, पदराने पुसला, तोंडाला लावून पाहिला आणि परत ठेवला. दुसरा उचलला. दुकानदार हतबुद्ध होऊन माझ्याकडे पाहत होता. काकी दाताआडून काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" त्याने मला विचारलं.

"लहान दाखवा म्हणतायत. आणि दोरीच्या खाचा खोल पाहिजेत."

लाकडी भोवरा, त्यावर दोरी गुंडाळायच्या गोल खाचा, खाली निमुळता. दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्या असत्या तर डॉक्टरांनाही फरक सांगता आला नसता. घरी आल्यावर आम्ही पकडीने त्याची लोखंडी आर उपटून काढली, टोक घासून गुळगुळीत केलं, भोवरा उकळत्या पाण्यात टाकला आणि खोबरेल लावलं. त्या दिवसापासून काकी ओट्यावर बसून भोवरा तोंडात घालून फिरवायला लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत असे. रस्त्याने जाणारा येणारा थबके. कुणी फार वेळ पाहत राहिला तर त्या भोवरा काढत, त्याला दाताआडून काहीतरी ठेवून देत आणि पुन्हा भोवरा घालत. शिवी होती एवढं त्यालाही कळत असे.

खानावळीची मोठी चूल थंड होती. मी म्हटलं, "काकी, खानावळ सुरू करा. बाई ठेवू मदतीला. घास नाही घेतलात तर काय बिघडलं? मीठ मी बघतो."

त्यांनी भोवरा काढला. "तुमी घाटी," त्या म्हणाल्या. "तुमाला मीठ काय कळतं?" मग म्हणाल्या, "माजा घास झाल्याबिगर कोनाचं ताट वाढलं नाय आजवर. आता काय तोंड लपवून वाढू?"

म्हणजे सगळं त्या एका घासावर येऊन ठेपलं. भाकरीचा पाव भाग, कालवणात बुडवून, पंगतीसमोर. तेवढं तोंड उघडलं तर खानावळ उघडणार, नाहीतर नाही. भावोजींनी मुदत घातली होती. वाईट हेतूने नव्हे. एकटी, आजारी बाई महाडात काय करील, गावात माणसं आहेत, गोठा आहे, दूध आहे, असा त्यांचा सरळ विचार. ते मला म्हणाले, "तिला सांगा, गवरी जाईपर्यंत बघू. मंग बिऱ्हाड उचलायचं." आत, त्या दाराआड भोवरा फिरत होता.

दुसरी एक अडचण होती, ती मला हळूहळू दिसली. लोक काकींना भेटायला येत, पण लांब बसत. चहा पुढे केला की, "आत्ताच घेतला." सगळं महाड आत्ताच चहा घेऊन आलेलं असायचं. बाजारात बोललं जात होतं, तोंडाचा रोग आहे, उष्ट्यातून लागतो. ही बाई तर भांड्यातलं आधी स्वतः खाणार! ज्या घासावर माणसं विश्वास ठेवून जेवत होती, त्याच घासाला आता भीत होती. मी त्यांच्या हातची पेज रोज पीत होतो, तेव्हा ऑफिसातले लोक माझ्याकडेही दुखवट्याला आल्यासारखे बघायचे. मी बाजारातल्या डॉक्टरांना गाठून चार लोकांसमोर वदवून घेतलं की हा रोग लागत नाही. चौघांनी माना डोलावल्या आणि चहा आत्ताच घेतल्याचं सांगितलं.

काकींना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या डोक्यात तोवर वेगळंच शिरलं होतं. घाटात दरड पडली की कामाला यावी म्हणून माझ्याकडे एक मोठी बॅटरी होती. ती घेऊन त्या आरशासमोर स्वतःच्या तोंडात उजेड पाडून पाहत. इस्पितळात डॉक्टरने सांगितलं होतं, चट्टा दिसला तेव्हाच आली असतीस तर एवढं कापावं लागलं नसतं. हे वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. स्वतःचं तोंड पाहून झालं की त्यांनी माझं पाहिलं. मग येईल त्याचं. कुणी समाचाराला आलं, की काकी बॅटरी पेटवून समोर उभ्या. "आ!"

बाकीचं बोलणं तेव्हा धड कळत नसे, पण हे कुणालाही कळे. जड चेहरा करून आलेल्या बायका तोंड उघडून बसायच्या आणि मिश्रीचा डबा गमावून घरी जायच्या. फळीवर अशा डब्यांची ओळ लागली. एका वकिलाला त्यांनी भर कोर्टाच्या आवारात आ करायला लावलं. त्याने केलं. पक्षकार बघत होते. महाडात काकींना भेटायला जाणं एकदम कमी झालं, आणि खरं सांगायचं तर त्या दोघींना, काकींना आणि बॅटरीला, त्याने जरा शांतता मिळाली.

फक्त एक तोंड त्यांच्या बॅटरीपासून सुटलं होतं. भावोजी येत, बाकावर बसत, तंबाखू मळत, ओठात धरत. काकी दाराआड. समोर यायचंच नाही तर आ कुणाला म्हणणार?

पावसाळ्यात सावित्रीचं पाणी नेहमीप्रमाणे गल्लीत आलं आणि काकी पिठाचे डबे आणि स्टोव्ह घेऊन माझ्या माडीवर आल्या. खाली गुडघाभर पाणी. मी खिडकीतून रस्त्याच्या काळजीत बघत होतो. मागून त्यांनी माझ्या खांद्याला बोट लावलं. तोंड उघडलं होतं आणि आत भोवरा नव्हता. त्यांनी स्वतःची दोन बोटं उभी धरून आत घातली आणि बाहेर काढली. मग पुन्हा घातली. मी वेड्यासारखा ओरडलो, "काकी!" त्या म्हणाल्या, "ओरडू नका. अजून भाकरीयेवढं नाय."

गौरी आल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी भावोजी बिऱ्हाड हलवायला आले. काकींनी पहाटेच चूल पेटवली होती. वालाचं बिरडं, भात, भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण, पहिल्यासारखं लालभडक. त्या वासाने गल्ली जागी झाली. कोर्टाची तारीख होती, पोलादपूरची माणसं गावात होती. जुनी गिऱ्हाइकं दाराशी गोळा झाली. पण ती जेवायला आली नव्हती, बघायला आली होती. पाट मांडलेले होते आणि एकटा मी बसलो होतो. बाकावर भावोजी.

काकी उंबऱ्यावर आल्या. भावोजी बसले होते म्हणून पदर पुढे ओढून त्यांनी अंग जरा आडवं केलं. भाकरीचा पाव भाग तोडला, घडी केली, कालवणात बुडवली. मग तोंड उघडलं. शिवण ताणली गेली, गाल पांढरा पडला. घडी दातांशी अडकली. त्यांनी ती बाहेर काढली नाही. अंगठ्याने रेटली आणि ती आत गेली. बराच वेळ त्या एकाच बाजूने चावत राहिल्या. तिखटाने डोळे भरून वाहिले. मग गळा हलला. तोंड पुन्हा उघडून त्यांनी सगळ्यांना दाखवलं. रिकामं! मला इतका आनंद झाला की मी बसल्या जागी मांडीवर थाप मारली.

"बसा आता," काकी म्हणाल्या.

कुणी बसलं नाही. वकिलाचा कारकून जोड्याच्या टोकाकडे बघत होता. कुणीतरी मागच्या मागे निघून गेलं. मी भाकरी मोडली आणि एकटाच जेवायला लागलो, आणि इतका संताप मला त्या गावाचा पूर्वी कधी आला नव्हता. काकी दाराआड गेल्या.

भावोजींनाही ते लागलं असावं. ते मला हळू आवाजात म्हणाले, "तिला सांगा, बघितलंन ना आता? चल म्हनावं घरी." मग घरच्या बाईचा असा अपमान होऊ नये म्हणून की काय, ते बाकावरून उठले आणि सदरा काढून माझ्या शेजारच्या पाटावर बसले. "मलाबी वाढ म्हनावं. पन तिखाट नको. दूधभात वाढ."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"ओवरशेर, विचारा त्यांना, तिखाट कवापासून सोडलंव?"

"झालं म्हयनं दोन म्हयनं. तोंड आलंय," भावोजी म्हणाले. "तिखाट लागलं का आग व्हते. जाईल म्हनावं."

"विचारा, येकाच बाजूला काय?"

मी विचारण्यासाठी वळलो, तर भावोजींनी नकळत गालाला हात लावला होता. ते उत्तर द्यायच्या आत काकी दाराबाहेर आल्या. हातात माझी बॅटरी होती. पदर डोक्यावर होता पण चेहरा उघडा होता. त्या सरळ चालत येऊन थोरल्या दिरासमोर उभ्या राहिल्या. दाराशी उभी असलेली माणसं पुढे सरकली.

"भावोजी, आ करा."

भावोजी माझ्याकडे बघायला लागले. आज पहिल्यांदाच मध्यस्थाचं काम उरलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी भावजयीचा चेहरा प्रथमच समोरून पाहिला असेल, तोही शिवलेला. त्यांचे कान लाल झाले. मग त्या करारी, डोंगरासारख्या माणसाने मान वर केली आणि तोंड उघडलं.

काकींनी बॅटरी इकडून धरली, तिकडून धरली. विझवली.

"सदरा घाला. आज दुपारची गाडी मिळंल."

"मला काय झालंय?"

"मला झालं व्हतं तेच व्हईल, बसून ऱ्हायलाव तर. माज्यापरीस लवकर हाय. लय लवकर हाय." त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली. "तुमी माज्यासाठी तितं फरशीवर बसलाव. आता मी बसते."

शिजवलेलं सगळं तसंच राहिलं. ज्या दिवशी घास जमला त्याच दिवशी खानावळीला पुन्हा कुलूप लागलं आणि दोघं मुंबईला गेली. या वेळी एस्टीत शेजारी बसून. कंडक्टरने मला नंतर सांगितलं, काकी वाटभर बोलत होत्या आणि भावोजी ऐकत होते. इतक्या वर्षांचं साठलेलं असणार.

भावोजी थोडक्यात सुटले. चट्टा कापून काढला, जबडा शाबूत, बोलणं शाबूत. तुळशीची लग्नं झाल्यावर ती दोघं परत आली तेव्हा भात कापून झाला होता. भावोजी गावी न जाता आधी महाडलाच उतरले. बिऱ्हाडाची गोष्ट त्यांनी काढली नाही. काकींनी चूल पेटवली.

पुन्हा तोच वास, तीच गल्ली, दाराशी तीच माणसं, अजून न बसलेली. भावोजी मात्र पहिल्या पाटावर बसले होते. काकी आल्या. दाराआड नव्हे, समोर. भाकरी तोडली, बुडवली, घास घेतला. या खेपेला तो अडकला नाही. त्यांच्या हातात भाकरीचा उरलेला तुकडा होता. त्या ‘बसा’ म्हणणार, तोच भावोजींनी हात पुढे केला.

"ती हिकडं दे."

"उष्टी हाय ती, भावोजी."

"म्हायत हाय. दे."

थोरल्या दिराने धाकट्या भावजयीचं उष्टं खायचं, हे त्या मुलखात कुणी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. काकींचा हात मागे जात होता. भावोजींनी त्यांच्या बोटांतून तो तुकडा काढून घेतला, त्यांच्याच वाटीतल्या कालवणात बुडवला आणि तोंडात टाकला. तिखटाने त्यांच्या डोळ्यांना धार लागली. ती न पुसता त्यांनी चावून गिळलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "काय रे, अजून काय बघायचं ऱ्हायलंय? बसा की!"

वकिलाच्या कारकुनाने पहिल्यांदा जोडे काढले. त्याच्यामागून कंडक्टर आला. मग उंबऱ्यात एवढी दाटी झाली की पाट कमी पडले आणि माणसं जमिनीवर बसली. मी उठून पाणी वाढायला लागलो. काकी हातात पळी घेऊन प्रत्येकाच्या पुढे उभ्या राहत, वाढत, आणि इतके महिने आत अडकलेलं सगळं बोलणं एकेकाला सव्याज ऐकवत होत्या. कुणी वर बघत नव्हतं. सगळे खाली माना घालून जेवत होते, आणि काकींना भाताचं दुसरं आधण ठेवावं लागलं.